वाचलेले आणि कळलेले : एका अल्पज्ञात जनुकाच्या निमित्ताने परिभाषेची चिकित्सा

१

जीवशास्त्राच्या परिभाषेविषयी साहित्याच्या अभ्यासकाने लिहावे काय, हा प्रश्न प्रारंभीच उपस्थित होणे स्वाभाविक आहे. जनुकाची रासायनिक रचना, प्रथिनाची घडण, पेशीतील व्यापार हे विषय प्रयोगशाळेचे आहेत आणि त्यांतील सत्यासत्याचा निवाडा तेथेच व्हावयाचा. परंतु या शास्त्राने आपला विषय ज्या शब्दांत मांडला आहे ते शब्द प्रयोगशाळेत जन्मलेले नाहीत. आनुवंशिकतेची 'लिपी' असते, तिच्यात 'अक्षरे' असतात, तिचे 'प्रतिलेखन' होते, नंतर 'भाषांतर' होते, आणि तिच्यात हेतुपुरस्सर फेरफार करण्याला 'संपादन' म्हणतात. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांतही 'प्रतिलेखन' व 'भाषांतरण' हे शब्द आता रूढ झाले आहेत. ज्याच्या घरची भांडी शेजारी गेली आहेत, त्याला ती तेथे कशी वापरली जातात हे पाहण्याचा अधिकार निदान असावा.

प्रस्तुत लेखात या रूपकाचे परीक्षण एका विशिष्ट जनुकाच्या आधारे करावयाचे आहे. त्या जनुकाचे नाव सी९ओआरएफ७२. ते निवडण्याचे कारण असे की, २०११ पर्यंत त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. त्या वर्षी दोन दारुण रोगांशी त्याचा संबंध सिद्ध झाला. आणि त्यानंतर त्याच्यावर विपुल संशोधन होऊनही त्या जनुकापासून होणारे प्रथिन नेमके काय कार्य करते, याचा निर्णय अद्याप पूर्ण झालेला नाही. म्हणजे येथे पाठ आहे, पाठाचे वाचन आहे, वाचकही पुष्कळ आहेत, आणि तरीही अर्थ दुर्बोधच राहिला आहे. असे का व्हावे?

या लेखातील प्रतिपादन थोडक्यात असे : जीवशास्त्राच्या 'वाचन' या रूपकात तीन भिन्न कृती एकत्र मिसळल्या गेल्या आहेत. लिपी उलगडणे ही पहिली, पाठ निश्चित करणे ही दुसरी, आणि अर्थ कळणे ही तिसरी. पहिल्या दोन साधल्या म्हणजे तिसरी साधलीच, असा भास हे रूपक निर्माण करते. तो भास निरुपद्रवी नाही, हे प्रस्तुत जनुकाच्या इतिहासावरून दिसून येईल.

२

प्रथम या रूपकाचे गुण मान्य करणे न्यायाचे होईल. १९४४ मध्ये श्रोडिंगर या भौतिकशास्त्रज्ञाने 'व्हॉट इज लाइफ?' या छोट्या पुस्तकात आनुवंशिक द्रव्याला सांकेतिक लिपीची उपमा दिली. १९५३ मध्ये डीएनएची दुपेडी रचना उलगडली. १९५८ मध्ये क्रिक यांनी केंद्रकाम्लाकडून प्रथिनाकडे जाणाऱ्या माहितीच्या प्रवाहाचे सूत्र प्रसिद्ध केले. १९६१ पासून निरेनबर्ग, खुराना आणि अन्य संशोधकांच्या परिश्रमाने ही लिपी उलगडत गेली, आणि १९६६ पर्यंत चौसष्टही त्रिकांचा कोश पूर्ण झाला. डीएनएतील चार आधारकांपैकी तीन-तीन मिळून एक त्रिक होते, आणि एकेक त्रिक एकेका अमिनो आम्लाचे किंवा विरामाचे निदर्शक असते, असा तो कोश आहे.

यांतील 'वाचनचौकट' ही कल्पना तर केवळ अलंकार नव्हे. १९६१ मध्ये क्रिक, ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, जनुकात एक वा दोन अक्षरे अधिक घातली तर सारे बिघडते. तीन घातली तर पुढचा मजकूर पुन्हा जागेवर येतो. मराठी वाचकाला याचा प्रत्यय सहज घेता येईल. 'कमळ नयन गगन पवन' हे शब्द जागा न सोडता लिहिले आणि पहिले अक्षर सोडून तीन-तीनांनी तोडले, तर 'मळन यनग गनप' असा निरर्थक पाठ मिळतो. अक्षरे तीच राहिली. केवळ तोडण्याची जागा बदलली. या साम्यातून प्रयोग सुचले आणि ते सिद्धही झाले. जे रूपक अशी कसोटी देऊ शकते, त्याला पोकळ म्हणता येणार नाही.

लिली के यांनी २००० मध्ये 'हू रोट द बुक ऑफ लाइफ?' या ग्रंथात या भाषेचा उगम दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गुप्तलिपिशास्त्रात व माहितीशास्त्रात कसा आहे, याचा सविस्तर मागोवा घेतला. त्यांचा प्रश्न हे रूपक आले कोठून, हा होता. येथे प्रश्न निराळा आहे : ते रूपक एका प्रत्यक्ष उदाहरणात काय दाखवते आणि काय झाकते?

झाकण्याची क्रिया एका शब्दापासून सुरू होते. तो शब्द 'भाषांतर'. भाषांतरात एका भाषेतील अर्थ दुसऱ्या भाषेत जातो आणि त्यासाठी भाषांतरकाराला तो अर्थ कळावा लागतो. पेशीत जे घडते ते असे नव्हे. तेथे त्रिकांच्या क्रमानुसार अमिनो आम्लांचा क्रम लावला जातो. कोश ठरलेला असतो, आणि त्या कोशाबाहेरचे काहीही यंत्रणेला ठाऊक नसते. कोणी म्हणेल की, त्रिक व अमिनो आम्ल यांना जोडणारा एक दुभाष्या रेणू तेथे असतोच. असतो, परंतु तो जोड्या लावतो, वाक्य समजून घेत नाही. या क्रियेला आपल्या व्यवहारात नेमका शब्द आहे तो 'लिप्यंतर'. मोडीतील मजकूर बाळबोधीत उतरवणाऱ्याला त्या दस्तऐवजाचे मर्म कळलेच पाहिजे असे नाही.

महानुभावांचे ग्रंथ सकळ लिपीत बंद होते. त्या लिपीची किल्ली हाती येताच तिच्याखालची मराठी वाचकाला कळू लागली, कारण ती भाषा मुळात त्याचीच होती. जनुकलिपीची गोष्ट येथेच वेगळी होते. किल्ली १९६६ मध्ये मिळाली. परंतु लिप्यंतर करून जो अमिनो आम्लांचा क्रम हाती येतो, त्याखाली आपल्याला आधीपासून येणारी कोणतीही भाषा नाही. तो क्रम घडी पडून एक आकार धारण करतो, पेशीत कोठेतरी जातो, दुसऱ्या रेणूंना भेटतो, काही घडवतो वा थांबवतो. त्याचा 'अर्थ' म्हणजे हे वर्तन. ते कोशात शोधून मिळत नाही.

३

आता प्रस्तुत जनुकाच्या नावाकडे वळू. सी९ म्हणजे नववे गुणसूत्र. ओआरएफ म्हणजे मुक्त वाचनचौकट : आरंभाच्या त्रिकापासून विरामाच्या त्रिकापर्यंत अखंड वाचता येईल असा टप्पा. बहात्तर हा नोंदीचा अनुक्रमांक. मानवी जनुकसंचयाचा पाठ तयार होत असता असे अनेक टप्पे आढळले. त्यांचे कार्य ठाऊक नव्हते, म्हणून त्यांना तात्पुरते क्रमांक देण्यात आले. जमिनीला सर्व्हे नंबर असतो, त्याच जातीचे हे नाव आहे. सर्व्हे नंबरावरून जमीन कोठे आहे हे कळते. तेथे ऊस आहे की खडक, हे कळत नाही.

अशा नावांना दोष देण्याचे कारण नाही. उलट ती प्रामाणिक आहेत. आपले अज्ञान ती लपवत नाहीत. दोष निर्माण होतो तो पत्त्यालाच परिचय मानल्यामुळे. या जनुकाच्या पूर्ण नावाची पुढील कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याचे प्रथिन एसएमसीआर८ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाशी जोडलेले असते असे आढळल्यावर नामकोशात त्याचे वर्णन 'सी९ओआरएफ७२-एसएमसीआर८ संकुलाचा घटक' असे करण्यात आले. मग एसएमसीआर८ म्हणजे काय? तर 'एसएमसीआर८-सी९ओआरएफ७२ संकुलाचा घटक'. शब्दकोशात 'अरण्य म्हणजे वन' व 'वन म्हणजे अरण्य' असे लिहिले असता जे ज्ञान होते, तितकेच येथे होते. शिवाय एसएमसीआर८ हे मूळ नावही पत्त्याचेच : स्मिथ-मॅजेनिस लक्षणसमूहाशी निगडित गुणसूत्रभागातील आठवा उमेदवार, एवढाच त्याचा आशय आहे.

४

या जनुकाकडे जगाचे लक्ष गेले ते रोगामुळे. अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस या रोगात स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात. हातपाय, वाणी, गिळणे आणि शेवटी श्वास बंद पडतो. शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस येथे त्याचे वर्णन केले. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या दुसऱ्या रोगात मेंदूच्या पुढील व बाजूच्या भागांचा क्षय होऊन स्वभाव, विवेक वा भाषा ढासळते. काही कुटुंबांत हे दोन्ही रोग एकत्र आढळत. एका भावाचे स्नायू जावेत आणि दुसऱ्याचे शहाणपण जावे, असे तेथे घडे. २००६ मध्ये अशा कुटुंबांच्या अभ्यासातून नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेकडे बोट दाखवले गेले. त्यानंतर पाच वर्षे अनेक प्रयोगशाळांनी तो भाग तपासला. २०११ मध्ये रोझा रॅडेमेकर्स यांच्या आणि ब्रायन ट्रेनॉर यांच्या नेतृत्वाखालील दोन गटांनी स्वतंत्रपणे उत्तर प्रसिद्ध केले.

ते उत्तर आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. प्रथिनाचा क्रम ठरवणाऱ्या मजकुरात कोठेही चूक नव्हती. चूक होती ती त्या मजकुराच्या अलीकडे, इंट्रॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात. इंट्रॉन म्हणजे प्रतिलेखन झाल्यावर जो कापून टाकला जातो आणि ज्याचे प्रथिन होत नाही असा तुकडा. तेथे सहा अक्षरांचा एक गट असतो. ग्वानिनसाठी 'ग' आणि सायटोसिनसाठी 'स' लिहिल्यास तो 'गगगगसस' असा होईल. निरोगी माणसात हा गट बहुधा दोन ते सुमारे तीस वेळा आढळतो. रुग्णात तो शेकडो, कधी हजारांहून अधिक वेळा पुन्हा पुन्हा आलेला असतो. युरोपीय वंशाच्या लोकसमूहांत, कुटुंबात चालत आलेल्या अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिसच्या सुमारे एक तृतीयांश वा अधिक रुग्णांत हेच कारण सापडते. आशियाई लोकसमूहांत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला पुनरुक्तीचा दोष परिचित आहे. नक्कल करताना लेखनिकाची दृष्टी मागे जाते आणि तोच शब्द दोनदा लिहिला जातो. पाठचिकित्सक ती पुनरुक्ती गाळतो आणि पुढे जातो, कारण तिने अर्थात भर पडत नाही. येथे मात्र पुनरुक्ती समासात आहे आणि अनर्थ तिच्यातूनच निपजला आहे. जे जनुक आपल्या 'वाचनचौकटी'वरून ओळखले गेले, त्याचा रोग त्या चौकटीबाहेरून आला. 'वाचनीय तेवढेच अर्थपूर्ण' हे गृहीत धरणाऱ्याला तो दिसणे कठीण होते.

पुढची गोष्ट याहून विलक्षण आहे. आरंभाची खूण असल्याशिवाय लिप्यंतर सुरू होत नाही, हा या शास्त्रातील पायाभूत नियम. परंतु अशा दीर्घ पुनरुक्तींच्या बाबतीत नेहमीच्या आरंभखुणेवाचूनही लिप्यंतर होते, असे लॉरा रॅनम यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दुसऱ्या दोन रोगांत दाखवले. आणि प्रस्तुत जनुकाच्या बाबतीतही ते घडते, असे २०१३ मध्ये दिसून आले. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन पडताळा पाहावा. 'गगगगससगगगगसस' हा क्रम पहिल्या अक्षरापासून तोडला तर 'गगग-गसस' ही जोडी पुन्हा पुन्हा येते. कोशाप्रमाणे तिचे ग्लायसिन-अॅलॅनिन होते. दुसऱ्या अक्षरापासून तोडला तर 'गगग-ससग', म्हणजे ग्लायसिन-प्रोलिन. तिसऱ्यापासून तोडला तर 'गगस-सगग', म्हणजे ग्लायसिन-आर्जिनिन. पेशीत या तीनही साखळ्या खरोखरच तयार होतात. एवढ्यावर ते थांबत नाही. डीएनएच्या समोरच्या पेडावर हाच गट उलट दिशेने 'गगसससस' असा असतो. त्याचेही प्रतिलेखन होते आणि त्यापासून आणखी तीन साखळ्या निघतात : पुन्हा ग्लायसिन-प्रोलिन, शिवाय प्रोलिन-अॅलॅनिन आणि प्रोलिन-आर्जिनिन. सहा वाचने, पाच प्रकारच्या साखळ्या. त्यांपैकी आर्जिनिन असलेल्या दोन साखळ्या प्रयोगांत पेशींना विशेष घातक ठरल्या आहेत.

एका साखळीच्या बाबतीत जवळचीच एक अपुरी खूण आरंभाचे काम करते, असेही नंतर आढळले. तेव्हा नियम सर्वथा मोडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि एक गोष्ट स्पष्ट आहे. ज्या समासाला 'न वाचावयाचा' असे आपण ठरवले होते, तो पेशी सहा तऱ्हांनी वाचत होती. 'न वाचावयाचा' हे वर्णन पेशीच्या वर्तनाचे नव्हते. ते आपल्या अपेक्षेचे होते.

५

रोगाच्या या शोधाबरोबर दुसरा प्रश्न उभा राहिला : या जनुकाचे स्वतःचे प्रथिन करते तरी काय? त्याचे दोन प्रकार आहेत. मोठा ४८१ अमिनो आम्लांचा आणि लहान २२२ अमिनो आम्लांचा. क्रम संपूर्ण ठाऊक, अर्थ अज्ञात. अशा वेळी शास्त्रज्ञ कुलाचा आधार घेतात. ज्याचा क्रम वा घडण एखाद्या परिचित प्रथिनासारखी, त्याचे कार्यही तसेच असावे, असे हे अनुमान. २०१२ व २०१३ मध्ये संगणकीय तुलनेतून हे प्रथिन डेन नावाच्या कुलातील असल्याचे दिसले. या कुलनामाचा विस्तार 'सामान्य व अर्बुदी पेशींत भिन्न प्रमाणात आढळणारे' असा असून, त्यावरूनही कार्याचा बोध होत नाही. परंतु या कुलातील अनेक सदस्य रॅब नावाची लहान प्रथिने 'चालू' करतात, हे ठाऊक होते. रॅब प्रथिने पेशीतील पटलांच्या पिशव्यांची ने-आण नियंत्रित करतात. तेव्हा सी९ओआरएफ७२ हेही तसेच चालू करणारे असावे, असा तर्क बळावला आणि त्याला अनुकूल असे काही प्रयोगही प्रसिद्ध झाले.

२०१६ मध्ये असे आढळले की, हे प्रथिन एकटे राहत नाही. एसएमसीआर८ व डब्ल्यूडीआर४१ या दोन प्रथिनांसह त्याचे त्रिकूट असते. अमिनो आम्लांचा तुटवडा पडला असता हे त्रिकूट लायसोसोम या पेशीतील पचनकोशाकडे जाते. २०२० मध्ये दोन गटांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने त्याची रचना पाहिली. दोघांचाही निष्कर्ष कुलावरून केलेल्या तर्काच्या उलट होता : हे त्रिकूट चालू करणारे नसून 'बंद' करणारे आहे. त्याहून लक्षणीय असे की, ही क्रिया घडवणारे निर्णायक आर्जिनिन सी९ओआरएफ७२ मध्ये नाहीच. ते त्याच्या सोबत्यात, एसएमसीआर८ मध्ये आहे. आणि त्रिकूट बंद करते कोणाला, याविषयी दोन्ही गटांचे एकमत नाही. एकाच्या मते रॅब८ए व रॅब११ए यांना, दुसऱ्याच्या मते आर्फ या वेगळ्या कुलातील प्रथिनांना.

साहित्यसमीक्षेला या घटनेत आपले प्रतिबिंब दिसावे. कवीच्या घराण्यावरून, संप्रदायावरून वा समकालीनांवरून त्याच्या काव्याचा अर्थ लावण्याची सवय आपणांसही आहे. तो मार्ग त्याज्य नाही. पहिले अनुमान बहुधा तेथूनच मिळते. परंतु अनुमान हे प्रमाण नव्हे. कुळावरून शील नेहमीच कळत नाही, आणि एकाकी शब्दाचा अर्थ कित्येकदा शेजारच्या शब्दात असतो.

संदर्भाचे महत्त्व आणखी एका प्रयोगमालेतून स्पष्ट झाले. उंदरांतील हे जनुक काढून टाकले असता त्यांना चेतापेशींचा तो रोग झाला नाही. त्यांची प्लीहा व लसीकाग्रंथी वाढल्या आणि रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटली. हे २०१६ च्या सुमारास अनेक प्रयोगशाळांत दिसले. २०२० मध्ये असेही प्रसिद्ध झाले की, याच उंदरांची अवस्था ते कोणत्या प्राणिगृहात वाढले यावर अवलंबून असते. एका ठिकाणी ते लवकर मरत, दुसऱ्या ठिकाणी तगत. भेद होता तो त्यांच्या आतड्यांतील जीवाणूंचा. पाठ तोच, अनुपस्थितीही तीच. परिणाम मात्र परिसराप्रमाणे निराळा.

६

येथवरचे विवेचन शब्दच्छल वाटू नये, यासाठी एका घटनेचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. या पुनरुक्तीमुळे रोग कसा होतो, याविषयी तीन मते आहेत. पहिले : पुनरुक्तीमुळे मूळ प्रथिन कमी तयार होते. दुसरे : पुनरुक्तीच्या आरएनए प्रतींचे पुंजके साचून इतर उपयुक्त प्रथिने त्यांत अडकतात. तिसरे : वर सांगितलेल्या साखळ्या विषारी ठरतात. दुसऱ्या व तिसऱ्या मताला अनुसरून एक सरळ उपाय सुचला : पुनरुक्ती असलेली आरएनए प्रतच नष्ट करावी. त्यासाठी पूरक क्रमाचे औषध तयार झाले. प्राण्यांत त्याने आशा दाखवली आणि रुग्णांवर चाचणी सुरू झाली.

२०२२ मध्ये ती चाचणी थांबवण्यात आली. औषध आपले काम करीत होते. मस्तिष्कमेरुद्रवातील ग्लायसिन-प्रोलिन साखळीचे प्रमाण खरोखरच घटले होते. परंतु रुग्णांची प्रकृती सुधारली नाही. त्याच धर्तीचा दुसरा एक प्रयत्नही २०२३ मध्ये सोडून द्यावा लागला.

या अपयशाची कारणे एकाहून अधिक संभवतात. औषध फार उशिरा पोचले असेल. समोरच्या पेडावरील प्रती तशाच राहिल्या हे तर निश्चित आहे, कारण औषध एकाच पेडाच्या प्रतींसाठी होते. किंवा तीनही अपाय एकमेकांना बळ देत असतील आणि एकाला आवरणे पुरेसे नसेल. ही चर्चा तज्ज्ञांनी करावयाची आहे. आपल्यापुरते इतकेच म्हणता येईल : 'चुकीचा मजकूर खोडला म्हणजे ग्रंथ शुद्ध झाला' ही समजूत जितकी संपादनात अपुरी आहे, तितकीच येथेही अपुरी ठरली. ज्या कुटुंबांनी त्या चाचणीकडे डोळे लावले होते, त्यांच्यासाठी हा अलंकारशास्त्राचा प्रश्न नव्हता.

७

मग मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने व शिकवणाऱ्याने काय करावे? रूढ पारिभाषिक शब्द बदलून टाकावेत असे सुचवण्याचा हेतू नाही. 'भाषांतर' हा शब्द जगभर स्थिर झालेल्या संज्ञेचा पर्याय आहे आणि तो मोडल्याने विद्यार्थ्यांची अडचणच वाढेल. परंतु तो शिकवताना, ही क्रिया वस्तुतः लिप्यंतराची आहे आणि अर्थाचा प्रश्न तिच्यानंतर सुरू होतो, हे एका वाक्यात सांगणे अशक्य नाही.

जेथे शब्द अद्याप स्थिर झालेले नाहीत, तेथे मात्र काळजी घेता येईल. ज्या प्रथिनाचा क्रम ठाऊक आहे पण कार्य ठाऊक नाही, त्याला 'अज्ञात प्रथिन' म्हणू नये. ते अज्ञात नाही, त्याचे कार्य अनिर्णीत आहे. 'अनिर्णीतकार्य प्रथिन' हा शब्द लांब असला तरी खरा आहे. ज्या भागापासून प्रथिन होत नाही, त्याला 'निरर्थक' म्हणू नये. 'असंकेतक' म्हणावे, आणि तेही प्रथिनापुरतेच असे मानावे. १९७२ मध्ये ओनो यांनी अशा भागांसाठी 'अडगळ' या अर्थाचा शब्द प्रचारात आणला. त्या शब्दाने पुढे पुष्कळांचे कुतूहल मारले. 'इंट्रॉन' हा शब्द तसाच ठेवणे बरे. 'अंतराल' वा 'रिक्तभाग' म्हटले की तेथे काही नाही असे मन मानू लागते.

याच्या मुळाशी एक व्यापक प्रश्न आहे. मानवाची प्रथिने घडवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. २००१ मध्ये त्यांच्या पाठाचा मसुदा प्रसिद्ध झाला, आणि २०२२ मध्ये राहिलेल्या फटीही भरून निघाल्या. तरीही संशोधकांचे बहुतेक लक्ष सुमारे २,००० जनुकांवर केंद्रित झालेले आहे, असे २०१८ मधील एका मोठ्या पाहणीत आढळले. आणि त्याचे कारण त्या जनुकांचे महत्त्व हे नसून, त्यांच्यावर आधीच काम झालेले आहे व ती हाताळावयास सोपी आहेत, हे आहे. २०२३ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी मानव व फळमाशी या दोहोंत आढळणारी, पण कार्य न कळलेली २६० जनुके निवडली आणि माशीत ती एकेक करून मंदावली. त्यांतील ६२ जनुकांवाचून माशी जगूच शकली नाही. जे कळलेले नाही ते बिनमहत्त्वाचे, हा समज याने पुरता खोटा पाडला.

साहित्याच्या अभ्यासातही हीच विषमता नाही काय? मोजक्या ग्रंथांवर प्रबंधामागून प्रबंध लिहिले जातात, कारण पूर्वसूरींची टिपणे तयार असतात, प्रती मुद्रित असतात, परीक्षकही परिचित असतात. उरलेली हस्तलिखिते सूचीतील क्रमांक होऊन पडून राहतात. त्या क्रमांकांची ओळख आपल्याला असते, ग्रंथांची नसते. सी९ओआरएफ७२ हेही २०११ पर्यंत असाच एक क्रमांक होते. त्याच्याकडे लक्ष जाण्यासाठी कित्येक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या रोग भोगावा लागला.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. जनुक असो वा ग्रंथ, त्याच्याविषयी काही लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. लिपी उलगडली आहे काय? पाठ निश्चित आहे काय, आणि त्या पाठात आपण समास धरला आहे की वगळला आहे? अर्थाविषयी जे सांगितले जाते ते प्रत्यक्ष वर्तनावरून, की कुळावरून व पत्त्यावरून? प्रस्तुत जनुकाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६६ मध्ये मिळाले. दुसऱ्याचे बरेचसे २०११ मध्ये मिळाले. तिसऱ्याचे उत्तर अजून लिहिले जात आहे, आणि ते पुरे झाल्याखेरीज त्या रोगावरील उपायाचा मार्ग मोकळा होईल असे दिसत नाही.